काट्याला बांधलेले लोखंड

त्या बुधवारी शाळेच्या ओसरीत नर्सबाईंनी माझ्या मुलीला काट्यावरून उतरवले, तिच्या दुपट्याची कड दातांनी उसवली आणि आतले लोखंड फरशीवर ठेवले.

लहान मुलांना नर्सबाईंइतके भिणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही, आणि त्यांचे सगळे आयुष्य लहान मुलांतच गेले. काष्टीजवळच्या आमच्या गावात त्या आल्या तेव्हा उपकेंद्र म्हणजे त्यांच्या खांद्यावरची एक पेटी होती. तान्ह्या बाळाशीही त्या 'अहो' म्हणून बोलत. बाळ रडू लागले की हात जोडून दोन पावले मागे सरत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाल्या, "ही पाव्हणी मंडळी हायेत, गुरुजी. मनात आलं की उठून जातात." ज्या घरातले मूल तोललेले नाही त्या घरचे पाणी त्या पीत नसत. मूल तोलले की त्याला दृष्ट लागते, ही गावाची समजूत. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात बाई वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत कोरड्या घशानेच फिरल्या. शेवटी पाटलांची म्हातारी, ही बया आता आपल्याच दारात मरेल म्हणून वैतागली आणि तिने नातू पुढे केला. बाईंनी आधी नातू तोलला, मग तांब्याभर पाणी प्यायल्या. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी शाळेच्या ओसरीत आढ्याला काटा टांगला जाऊ लागला.

काट्याखाली झोळी, आणि बाईंच्या हातात मुलांची यादी. त्या यादीत गेलेली मुलेही होती. बाई त्यांचीही नावे पुकारत, एक श्वासभर थांबत, रिकाम्या झोळीकडे बघत आणि पुढचे नाव घेत. तेवढ्या वेळात ओसरीतली एकही बाई हलत नसे. कधी वाऱ्याने झोळी जराशी झुलली, की पुढे बसलेल्या बाया पोरांना पदराखाली घेत. मी त्यांना म्हणालो, निदान गेलेल्यांची नावे तरी खोडा. त्या म्हणाल्या, "खोडली की लोक म्हणत्यात, आलंच नव्हतं."

त्या यादीत माझ्या पहिल्या मुलाचे नाव होते. मी वर्गात पाढे घेत असे आणि भिंतीपलीकडून ते नाव ऐकू येई. माझी बायको त्या वेळी डोळे मिटून बसे. पुढे आम्हाला मुलगी झाली, तेव्हा बायकोने तिच्या कमरेला बिबा आणि लोखंडी कडी बांधली. मी शिकलेला माणूस. मी हसलो, शाळेत मुलांना काय शिकवू असे विचारले, आणि ते सोडायला लावले. तिने निमूटपणे सोडले.

मग दुष्काळ पडला. विहिरीबरोबर बायकोचे दूधही आटत गेले. मुलगी मला जरा सुकल्यासारखी वाटे, पण दर महिन्याला तिच्या कार्डावर वजन थोडे चढलेले असे. मी ते आकडे संध्याकाळी बायकोला मोठ्याने वाचून दाखवी. बाई मात्र मुलीला उचलल्यावर हातांनीच तिच्या अंगाचा अंदाज घेत डोळे मिटून उभ्या राहू लागल्या होत्या.

त्या बुधवारी त्यांनी मला वर्गातून बाहेर बोलावले. फरशीवर खिळे, नालेचा अर्धा तुकडा, फाळाचा कपचा, एक गंजलेली किल्ली असे पडले होते. प्रत्येक महिन्याला बायकोने एकेक शिवत नेले होते, माझ्या नजरेआड. बाईंनी ते सारे झोळीत टाकले. काटा हलला, झोळी आत कोणी असल्यासारखी खाली ओढली गेली आणि संथ झुलत राहिली. बाया भिंतीला टेकल्या.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "हे वाढतंय. पोरगी न्हाई वाढत."

बायको एवढेच म्हणाली, "तुमी हसला असता."

बाई तिला रागावल्या नाहीत. दुपट्यासकट मूल मीच तोलले, चूक माझी, असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग त्यांनी ते लोखंड करगोट्यात ओवून काट्याच्या वरच्या कडीला बांधले, जिथे त्याचा भार वजनात धरला जात नाही. आता सगळ्या पोरांची राखण इथूनच होईल, पोरं उघडी करून द्या, असे त्यांनी बायांना सांगितले. त्या दिवशी प्रथमच आमच्या गावची मुले खरी तोलली गेली. आकडे ऐकून निम्म्याहून जास्त आयांनी तोंडाला पदर लावला.

पुढचे दोन महिने बाई रोज आमच्या घरी आल्या. सुकडी दुधात कालवून, "अहो, एक घास घ्या," अशी माझ्या मुलीची विनवणी करत बसत. मी चुलीपाशी उभा असे. एका दुपारी मुलीने वाटी हिसकावून घेतली, तेव्हा बाई घाबरून मागे सरल्या आणि मग पदरात तोंड घालून कितीतरी वेळ हसल्या, की रडल्या, मला कळले नाही.

बाई या वैशाखात गेल्या. शाळेला आता नवी इमारत आहे, ओसरी राहिली नाही. मुलगी काष्टीला नांदते. ती माजघरातून चालली की फडताळातली भांडी वाजतात.