सफेद्याचा डाग

कलापथकात चार माणसं आणि एक जीप असली की किस्से आपोआप साठतात. कार्यक्रम विसरतो, गाव विसरतो, पण कोण काय बोललं ते राहतं. मागे जुन्नरला आमच्या गुरुजींचा सत्कार झाला. तिथं हे सगळे किस्से पुन्हा निघाले आणि स्टेजवरची ज्येष्ठ मंडळी मांडीवर शाल सावरत खदाखदा हसली. ज्यांच्यावरून हसत होती ते ढोलकीवाले सखाआप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता सरळ होत नाही. टाळी वाजवली तर आवाज येत नाही.

म्हणून म्हटलं, आता मीच सांगतो. ओळीनं, काही न गाळता.

नव्वदच्या दशकात आम्ही जुन्नर-आंबेगावात कुष्ठरोगाची माहिती देत हिंडायचो. जीपवर लिहिलेलं होतं, 'कलेतून विज्ञान'. कला म्हणजे आप्पांची ढोलकी आणि शांताबाईंचा गळा. दोघंही एका मोडलेल्या तमाशाच्या फडातले. विज्ञान म्हणजे मी, बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षात कॉलेज सोडलेला. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, वगाचे लेखक, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून दिग्दर्शकही तेच.

वगात मी डॉक्टर, आप्पा रोगी. आप्पांच्या डाव्या कोपराखाली सफेद्यानं फिका डाग रंगवायचा. ऐन रंगात ढोलकी थांबवून आप्पा पुढं येऊन डोळे मिटून बसायचे, हात लांब करायचे. मी पेनाचं टोक डागाला लावायचो. लागलं तरी लागलं म्हणायचं नाही. उलट विचारायचं, "टोचा की, डाक्तर. थांबलाय कशापायी?" असं दोनदा. गुरुजींच्या वहीत दोनदाच लिहिलं होतं. दोन्ही वेळा पब्लिक हसायचं. मग मी पुढं येऊन सांगायचो, "डाग आहे आणि तिथं काही कळत नाही, तर दवाखान्यात या. गोळ्या फुकट आहेत, आजार पूर्ण बरा होतो. पण उशीर केलात तर नस जाते, आणि वाकलेलं बोट गोळी सरळ करत नाही."

पुढं आप्पांना तोच आजार निघाला. कसा झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. रंगानं नाही, एवढं नक्की. गोळ्यांनी आजार गेला. बोटं राहिली.

*

पिंपळवंडीला एका बऱ्या झालेल्या पेशंटनं आम्हाला घरी चहाला नेलं. गुरुजींचं तासाभरापूर्वीच भाषण झालेलं, की या लोकांना वाळीत टाकू नका, त्यांच्या पंक्तीला बसा. चहा आला. गुरुजी कपाकडं बघून म्हणाले, "आज माझा उपास आहे."

पुढच्या गावी वेगळा वार, वेगळा पेशंट, पुन्हा चहा. पुन्हा उपास. त्या वर्षी गुरुजींना सातही वार निघाले.

आप्पा मात्र दर वेळी हात पुढं करायचे. "द्या, गुरुजींचा बी मलाच द्या. त्यांचं पुण्य, माझा चहा."

*

घोडेगावच्या बाजारात एका कापड दुकानदारानं स्टेजच्या मागं लावायला पडदा दिला. अट एकच. "फलकावर त्या रोगाचं नाव टाकू नका. गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीनं जातं. त्वचेचे विकार म्हणा की, त्यात काय बिघडतंय?"

गुरुजींना पडदा आवडला होता. त्यांनी रोगाचं नाव झाकलं. तुफान गर्दी झाली. सगळे गजकर्ण खाजवत आलेले. वग चालू असताना एक पैलवान मधेच उठला. "ओ पावणं, मलम कवा वाटणार?"

आप्पा ढोलकीवरून म्हणाले, "मलम न्हाई राव. लावणी हाय, चालंल का?"

हा किस्सा सत्कारात सांगितला गेला. ज्यांच्यासाठी आम्ही गेलो होतो त्यांतलं त्या दिवशी एकही माणूस आलं नाही, हे कुणी सांगितलं नाही.

*

निमगाव सावाला शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून आम्ही स्लाईड दाखवल्या. पुण्याहून आलेली पेटी होती. झडलेली बोटं, बसलेली नाकं, पायाच्या जखमा. बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. संपल्यावर एक जण मोकळा श्वास टाकून म्हणाली, "बरं झालं बाई दावलं. माझ्या पाठीवर नुसता चट्टा हाय, मी उगाच भ्याले व्हते." आणि उठून निघाली.

मी तिच्या मागं पळालो, पण गल्लीत वळेपर्यंत ती गेलेली होती.

जीपमध्ये मी म्हटलं, "गुरुजी, नुसत्या फिक्या चट्ट्याची स्लाईड हवी. हे बघून लोकांना वाटतं, आपलं ते नव्हेच."

गुरुजी म्हणाले, "भीती बसली पाहिजे. आणि पहिल्या वर्षाला कॉलेज सोडणाऱ्यानं मला विज्ञान शिकवू नये."

चिडून पुढं मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्या स्लाईड आम्हीच सगळ्यात जास्त वेळा बघितल्या होत्या. आमचीही तीच समजूत झाली होती.

*

सफेदा आम्ही रॉकेलच्या चिंधीनं पुसायचो. एका कार्यक्रमानंतर पुसला तरी डाग राहिला. पुन्हा पुसला, साबण लावला, राहिलाच.

शांताबाई म्हणाल्या, "आप्पा, सफेद्यानं कातडं खाल्लं तुमचं. खोबरेल लावा."

"लावतोय की महिनाभर. जातच न्हाई."

गुरुजींनी चष्मा वर सरकवून हात उजेडात धरला. "उत्तम. अगदी हुबेहूब. आता रोज रंगवायची कटकट गेली."

मीही बघितलं. विज्ञानाचा माणूस मीच ना. मला वाटलं, आपण रंगवायचो त्यापेक्षा हा जास्त खरा दिसतो.

*

मग ढोलकीचा आवाज उतरला. डाव्या बाजूची धुम बसकी यायला लागली. शांताबाईंचा कान फडातला, त्यांनी पहिल्याच गवळणीला ओळखलं. "आप्पा, धुम न्हाई लागत."

"चामडं सैल झालंय."

ढोलकी नारायणगावला पाठवून चामडं बदलून आणलं. आवाज तसाच. दुसऱ्यांदा बदललं. तिसऱ्यांदा कारागीर वैतागून म्हणाला, "माझ्या कामात खोट न्हाई. वाजिवणाऱ्याचा हात बघा."

आप्पा महिनाभर त्याचं नाव घेत नव्हते. तीस वर्षं ढोलकी वाजवणाऱ्याला हात बघा म्हणतो, म्हणून. आम्हीही आप्पांच्याच बाजूनं भांडलो.

*

सत्कारात सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या बिडीच्या किश्शाला. तो गुरुजी स्वतः सांगतात.

डिंभ्याच्या वाटेवर जीप तापली म्हणून आम्ही झाडाखाली बसलो होतो. शांताबाई नवी चाल गुणगुणत होत्या. आप्पा उजव्या हातानं मांडीवर ताल धरत होते, डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत बिडी. थोड्या वेळानं जळकट वास आला. शांताबाई गाणं सोडून ओरडल्या, "आप्पा, बोट जळतंय!"

आप्पांनी बोटांकडं बघितलं. दोन्हीवर फोड आलेले. बिडी टाकली आणि म्हणाले, "ध्यान गाण्यात व्हतं."

गुरुजी हे सांगताना गहिवरतात. "बोटं भाजली, पण ताल चुकला नाही. मंडळी, याला साधना म्हणतात."

सभागृह उभं राहिलं होतं. आप्पाही उभे राहिले, बाकीचे राहिले म्हणून.

*

आता मढ गावचं.

बाजारचा दिवस होता, सकाळची वेळ. शाळेच्या पटांगणात वग ऐन रंगात आलेला. ढोलकी थांबली. आप्पांनी डोळे मिटले, हात लांब केला. मी पेन टेकवलं.

"टोचा की, डाक्तर. थांबलाय कशापायी?"

लोक हसले. पुढं बसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही. उठून म्हणाली, "ह्यो तुमचाच मानूस. पढिवलाय त्याला. पेनानं कुटं टोचतं व्हय? मी टोचते, मंग बघू काय म्हनतोय."

तिच्या हातात करवंदीचा काटा होता, हिरवा, बोटभर. मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी कडेला उभं राहून मान हलवली, की येऊ दे. लोकांचा सहभाग त्यांना फार आवडायचा.

म्हातारीनं आप्पांचं मनगट धरलं आणि काटा डागात घातला. नुसता टेकवला नाही, घातला. निम्मा आत गेला. तिनं तो उपसला तसं रक्त कोपरापासून मनगटाकडं निघालं.

आप्पांचा चेहरा हलला नाही. दुसरी ओळ त्यांनी नेहमीच्या ठसक्यात टाकली. "टोचा की, डाक्तर. थांबलाय कशापायी?"

पटांगण हसून कोसळलं. टाळ्या, शिट्ट्या. म्हातारीनं काटा खाली टाकला, आप्पांचं मनगट सोडलं आणि माझ्याकडं बघत दोन पावलं मागं गेली.

गुरुजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इथून पुढं काटाच ठेवा. पेनापेक्षा परिणाम चांगला होतो."

आता माझं वाक्य होतं. डाग आहे आणि तिथं काही कळत नाही, तर. तोंड उघडलं, पण ते आलं नाही. टाळ्या थांबल्या. लोक माझ्याकडं बघायला लागले. आप्पा तसेच बसून होते, डोळे मिटून, हात पुढं करून. रक्त करंगळीवरून मातीत गळत होतं.

मग आप्पांनी मान जरा माझ्या दिशेला वळवली आणि हळू विचारलं,

"टोचा की, डाक्तर. थांबलाय कशापायी?"