राहीबाईचा केरबा

बनुबाईचं तोंड गावात तिखट म्हणून ठाऊक होतं, पण कराडच्या देवळाच्या ओसरीवर त्या दिवशी ती मुकी उभी होती. शेजारी सून चंद्राबाई, तिच्या कडेवर लहानगी नात. बनुबाईचा लेक केरबा ब्रह्मदेशाच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार येऊन वर्ष होत आलं होतं. सरकारदरबारी तो ना जिवंत, ना मेलेला. त्यामुळं पगार बंद आणि पेन्शनही नाही. त्रेचाळीस साली कोरडवाहू रानात जे काही पिकलं, ते संक्रांतीलाच संपलं.

देवळात एक व्यापारी आपल्या आईच्या नावानं दर अमावास्येला ज्वारी वाटायचा, फक्त निराधार विधवांना. पुण्य शेटजींचं, परीक्षा मात्र बायकांची. वाटप बघणारे विष्णुपंत काही वाईट नव्हते. नियमाला पक्के होते, एवढंच. त्यांनी हळू आवाजात समजावून सांगितलं. सुनेच्या कपाळी कुंकू आहे, तिला देता येत नाही. पुसून आली तर देता येईल. सासू विधवा खरी, पण तिला मुलगा आहे, म्हणजे ती निराधार नाही. मुलगा नाही असं तिनं देवासमोर सांगितलं, तर हरकत नाही.

म्हणजे केरबाला बायकोनं मारायचं, नाहीतर आईनं. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणून माघारी फिरावं, तर घरी चुलीवर ठेवायला काही नव्हतं. नात नुसत्या पाल्याच्या भाजीवर होती आणि आता रडायचंही विसरली होती.

चंद्राबाईनं पोरीला खाली ठेवलं आणि पदराचं टोक ओलं करायला ती रांजणाकडे वळली. बनुबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब. त्यो माजा न्हाईच."

ती विष्णुपंतांकडे वळली. मग बनुबाईनं सगळं सांगितलं. तिची पहिली पोरं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. म्हणून केरबा झाला तसा तिनं त्याला उकिरड्यावर नेऊन टाकला. आईलाच जे पोर नको, ते यमाला कशाला हवं असणार? शेजारच्या राहीबाईनं त्याला उचललं, आपल्या ओटीत घेतलं आणि मूठभर कोंडा घेऊन बनुबाईला सांभाळायला दिलं. केरात सापडला म्हणून केरबा. त्या भागात असे केरबा पैशाला पासरी होते, आणि त्यांच्या आयांनी ते कधी फारसं मनावर घेतलेलं नव्हतं.

"ही पळवाट झाली, बनुबाई," विष्णुपंत म्हणाले.

"यमाला बी म्या हेच सांगितलं व्हतं. त्यानं मानलं. तुमी माननार न्हाई व्हय?"

विष्णुपंतांनी गाभाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ज्वारी मापायला सांगितलं.

घरी भाकरी झाली, पोर जेवली. बनुबाईनं मात्र आपल्या वाटणीची भाकरी सुनेकडे सरकवली. इतके दिवस ते बोलणं यमाला फसवण्यापुरतं होतं. आता देवासमोर दिलेला शब्द झाला होता. तो मोडला आणि यमानं ऐकलं तर? ती दर अमावास्येला जायची, तेच सांगायची आणि ज्वारी घेऊन यायची. गावात कुणी 'तुजा ल्योक' म्हटलं की तिथून उठायची.

शेहेचाळीस साली केरबा परत आला. जपान्यांच्या कैदेत त्याची नुसती काडी झाली होती. अंगणात त्याला बघून बनुबाईचे हात पुढं झाले आणि तसेच मागं आले. "आदी राहीबाईच्या पाया पड," एवढंच ती म्हणाली. त्याच दिवशी देवळात जाऊन ज्वारी नको म्हणून सांगून आली. विष्णुपंतांनी मुलगा आला का विचारलं, तर म्हणाली, राहीबाईचा आला.

तिनं त्याला करून घातलं, पायाला तेल लावलं, तो तापानं फणफणला तेव्हा उशाशी बसून राहिली. पण लेक म्हणून हाक मारली नाही. केरबाला ते फार लागायचं. चंद्राबाईनं सगळी हकिकत सांगितल्यावर त्यानं आईला कधी टोकलं नाही. उशाशी बसणाऱ्या आईनंही आपल्याला भीत भीत जपावं, याचं त्याला वाईट वाटायचं.

बनुबाई एकोणपन्नास साली गेली. कोयनेच्या काठावर भटजी तालुक्याहून आलेले, नवखे. अग्नी कोण देणार, मयताचं नातं काय, असं त्यांनी विचारलं. भावकीतली जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. केरबानं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मी ल्योक. तिचाच."