अप्पा आणि फुकटचे वाचक

जगातलं सगळं ज्ञान सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे असं मनापासून मानणारा, आणि स्वतःच्या वर्तमानपत्राला मात्र कुणाला बोट लावू न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या नांदेडच्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल, अप्पा. शोधनिबंध छापायचा म्हटलं की दोन वाटा. एकतर वाचणाऱ्यानं पैसे भरायचे, नाहीतर लिहिणाऱ्याच्या संस्थेनं भरायचे, म्हणजे तो सगळ्यांसाठी मोकळा. आमचा निधी एवढासा, की दोन निबंध मोकळे झाले की तिसरा कुलपात. तो निधी अप्पांच्या हाती होता आणि ते कुलूप त्यांना घरच्या दाराला लागल्यासारखं वाटायचं. दुपारी वाचनालयातला पंखा संथ फिरत असे, खिडकीबाहेर कडुनिंब हलत असे, आणि अप्पा डोळे अर्धवट मिटून म्हणत, “मॅडम, मुरुडच्या स्टँडवर येक पोरगी बसून हाय बघा. गाडीला उशीर हाय. मोबाइल काढला अन् तुमचा निबंध वाचायलीय. पैसा न्हाई, पासवर्ड न्हाई.” ती पोरगी त्यांना इतकी लख्ख दिसायची, की तिच्या पिशवीत मेथीची जुडी आहे हेही सांगायचे. मग त्यांना डुलकी लागायची.

अप्पांचं घराणं उदगीरचं, आडतीचं. त्यामुळे परदेशी प्रकाशकांशीही ते तुरीच्या भावासारखी घासाघीस करत. पत्राच्या सुरुवातीला पाऊसपाणी, मुलाबाळांची चौकशी, हुरड्याला येण्याचं आमंत्रण, आणि शेवटी सरळ, “शेवटचं काय ते बोला.” एकदा पत्र धाडल्याबरोबर पोच आली. अप्पा खुर्चीतून उठलेच. “बघा! दम न घेता उत्तर दिलं. पार्टी नरमली!” अहो, ती पोच यंत्रानं आपोआप पाठवलेली होती. मी समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “यंत्र असू द्या, पण बोलायला गोड हाय.”

माझा रानभाज्यांवरचा निबंध स्वीकारला गेला, तोवर निधी संपला होता. किनवटच्या जंगलातल्या एका मावशींनी मला दोन वर्षं हाताला धरून एकेक कंद दाखवला होता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “लई लोक येत्यात, लिवून नेत्यात. काय लिवलं ते सांगाया कुणी येत न्हाई.” मी येईन, असा शब्द देऊन बसले होते. आणि आता माझाच निबंध कुलपात चालला होता. मला रात्र रात्र झोप लागेना. अप्पांनी प्रकाशकाला चार पत्रं घातली, दोनदा हुरड्याला बोलावलं, पण तिकडची पार्टी काही हलेना. शेवटी त्यांनी करारपत्राचं बारीक अक्षर दुपारभर वाचलं. छापून वर्ष झालं की आमची प्रत संस्थेच्या साइटवर फुकट ठेवता येणार होती.

“वर्षभर मावशींना काय सांगू?” मी चिडूनच विचारलं.

“वाचून दावायला मनाई कुठं लिवलीय?” अप्पा म्हणाले.

आणि गुडघे दुखत असतानाही हा माणूस माझ्यासोबत किनवटच्या गाडीत बसला. छपाईआधी तपासायला आलेले कागद पिशवीत होते. मावशी अंगणात मोहाची फुलं निवडत होत्या. पानांतून ऊन गळत होतं, कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, आणि अप्पा माझं इंग्रजी आपल्या उदगिरी मराठीत करून सावकाश वाचत होते. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. कडूकंदाचं पान आलं. “कंद चिरून, उकळून, पाण्यानं धुऊन खातात.”

मावशींचा हात थांबला. “नुस्ता धुऊन? कुणी सांगितलं? उकळला की टोपलीत घालून रातभर व्हात्या पाण्यात ठिवायचा. न्हाईतर वकून वकून मरंल की माणूस!”

हे मावशींनीच मला ओढ्यावर नेऊन दाखवलं होतं, आणि मी ते ‘धुणे’ या एका शब्दात उरकलं होतं. परदेशातल्या दोन तज्ज्ञांनी तपासूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अप्पांनी खिशातलं पेन काढलं, माझ्याकडं न देता स्वतःच समासात लिहिलं, आणि मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. “आता बराबर हाय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही ती दुरुस्ती कळवली.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते. बाहेर सागाची झाडी संध्याकाळच्या उजेडात मागं मागं सरत होती. मग हलकेच म्हणाले, “मॅडम, लोकांना वाचायला मिळावं म्हणून सारी नोकरी पैसा हुडकण्यात गेली. वाचून दावावं, हे सुचलंच न्हाई बघा.”

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता मी कुठलाही निबंध पाठवण्याआधी त्या त्या गावी जाऊन वाचून दाखवते. लोक चुका काढतात, मी निमूटपणे लिहून घेते. येताना गाडीत शेजारची जागा रिकामी असली की अप्पांची फार आठवण येते.