तेवीस नंबरची चिठ्ठी

बटाट्यावर दया करू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी बहीण आणि तिच्या दोन मुली दोन दिवसांसाठी गावाला गेल्या आणि जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. मी वरच्याच मजल्यावर राहतो. काम एवढंच होतं, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. पाणी घालताना कोपऱ्यात बुटांचं एक खोकं दिसलं. उघडलं, तर आत पुठ्ठ्याचे पडदे, एका टोकाला भोक आणि दुसऱ्या टोकाला अंधारात पडलेला एक बटाटा. त्याला वीतभर लांब, पांढराफटक कोंब आलेला. मला अगदी भरून आलं. एवढ्या शिकल्यासवरल्या घरात बटाट्याचे असे हाल! झाकण काढून खोकं उन्हात ठेवलं आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखा वर जाऊन झोपलो.

रविवारी दुपारी त्या परतल्या, तेव्हा कोंब हिरवट होऊन सरळ आढ्याकडे निघाला होता.

"तो भोकाकडे जायला हवा होता, मामा," थोरली भाची म्हणाली. ती सातवीत आहे. "अंधारातून उजेड शोधत, पडद्यांना वळसे घालत. दोन आठवडे लागले त्याला इथवर यायला. उद्या वर्गात दाखवायचाय."

"मी तुझ्या विज्ञानाच्या मॅडमना लिहून देतो. चूक माझी आहे म्हणून."

"दे की. मॅडम स्वयंपाकघरात कांदा चिरतायत."

मॅडम म्हणजेच माझी बहीण. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात दोन मुली वाढवते. यातलं एक काम कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे तिलाही सांगता यायचं नाही. त्या घरात टूथब्रश परीक्षानळ्यांच्या स्टँडमध्ये राहतात आणि फ्रिजमधली कुठलीही बाटली तोंडाला लावण्याआधी विचारून घ्यावं लागतं. मी एकदा विचारलं नव्हतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तिला बसलेलं मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. वह्या उभ्याने तपासते, चहा चालता चालता पिते आणि अर्धा कप कुठेतरी ठेवून विसरते. तो शोधून आणणं हे तिसरीतल्या धाकट्या भाचीचं रोजचं काम. या वर्षी तर आमच्या बाईसाहेबांच्या पायाला भिंगरीच लागली होती, कारण थोरली तिच्याच वर्गात आली होती.

"आई, मी दुसरा बटाटा लावू? दोन आठवड्यांनी दाखवते."

"बाकीच्यांचे मामा मध्ये कडमडले तर मी त्यांना मुदत वाढवून देते का? जे झालं ते लिहायचं."

"बरं, मॅडम."

"घरी मॅडम म्हणायचं नाही, सांगितलंय ना?"

"मग घरी तरी आई हो ना!"

थोरली आत गेली. पंधरा मिनिटांनी प्रयोगवही आणून तिने ओट्यावर आपटली आणि पुन्हा आत. मी शिक्षा म्हणून लसूण सोलत होतो. बहिणीने कढईत कांदा टाकला, एका हाताने तो परतत दुसऱ्या हाताने वही उघडली. बटाट्याचं पान वाचलं. 'मामाने दया केली' यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. वही मिटता मिटता शेवटचं पान उघडलं आणि तिचा झारा थांबला.

पानावर पेन्सिलीने, अगदी रीतसर लिहिलं होतं:

'निरीक्षण: मॅडम डब्यातून चिठ्ठी काढतात. ज्याचा हजेरी नंबर निघेल, त्याने उत्तर द्यायचं. आतापर्यंत डबा दोनदा पूर्ण रिकामा झाला. सगळ्यांचे नंबर दोन-दोन वेळा आले. तेवीस: शून्य वेळा. अनुमान: तेवीस डब्यात नाही.'

"तेवीस कोण?" मी विचारलं. उगीच विचारलं.

बहिणीने खुंटीवरची पर्स काढली, आतल्या कप्प्यातून घडी घातलेला एक कागद काढला आणि ओट्यावर ठेवला. तेवीस.

"शाळा सुरू झाल्यापासून इथेच आहे," ती म्हणाली. "अरे, तिला उत्तर आलं तर पोरं म्हणणार, आईने घरीच सांगून ठेवलं. नाही आलं तर म्हणणार, मॅडमच्या मुलीलाच येत नाही. पहिले काही दिवस ती हात वर करायची. मी बघितलं न बघितल्यासारखं करून मागच्या बाकावर विचारायचे. वाटलं, तिच्या लक्षात नाही येणार."

"मग?"

"मग हात वर येणं बंद झालं. आता घरीसुद्धा काही विचारत नाही. दादा, ही पोरगी भंडावून सोडायची रे मला! आकाश निळं का, पाल पडत का नाही, जांभई कशाला येते. मी म्हणायचे, बाई गं, दोन मिनिटं गप्प बस. बसली गप्प."

एवढं बोलेपर्यंत तिने ओटा दोनदा पुसला, नळ उघडून बंद केला, खिडकीपर्यंत जाऊन आली. कांदा करपला.

"वही तपासायची राहिली तुझी," मी म्हटलं.

तिने लाल पेन घेतलं. 'निरीक्षण अचूक. अनुमान बरोबर.' खाली अजून काही लिहायला पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं आणि नुसती सही केली. आईची काय, मॅडमची काय, सही एकच.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम साखर मागायला खाली गेलो. थोरली बुटाची नाडी बांधत होती. बहिणीने चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, पर्समधला कागद काढून आत टाकला आणि डबा खळखळ हलवला. थोरलीची नाडी अर्धवटच राहिली. तिने डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बिघडलेल्या बटाट्याचं खोकं उचललं आणि निघाली.

दिवसभर मला काही सुचेना. मी स्वतः सातवीची परीक्षा दिली तेव्हाही एवढी धाकधूक झाली नव्हती. शाळा सुटायच्या वेळी जिन्यात जाऊन उभा राहिलो. मुली खाली फाटकाशी मैत्रिणींबरोबर रेंगाळल्या होत्या. बहीण एकटीच दोन-दोन पायऱ्या चढत आली, काखेत वह्यांचा गठ्ठा, दातात किल्ली.

"अगं, थांब तरी! निघाली का तेवीसची चिठ्ठी?"

तिने दातातली किल्ली काढून कुलपाला लावली.

"नाही निघाली, तिनेच हात वर केला."