न खाल्लेलं मेंढरू

मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि पुराव्याशिवाय ही बाई कशावरच विश्वास ठेवत नाही अशी माझी ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवलेली आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी कढीपत्त्याच्या पाण्याने गुडघे बरे होतात असं टाकलं, की माझा प्रश्न ठरलेला: "कशावरून?" अशा मला एका पावडरीच्या डब्याने चांगलंच गंडवलं.

माझी भाची, म्हणजे जतकडच्या माझ्या थोरल्या भावाची मुलगी, पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे राहत होती. मागच्या भरतीत आठशे मीटर धावताना ती थोडक्यात हुकली आणि तेव्हापासून तिचा स्वतःच्या पायांवरचा भरवसाच उडाला. मैदानावर कुणीतरी तिला ताकदीची पावडर सुचवली. मी डबा आणला आणि शास्त्रीय पद्धतीने कामाला लागले. रोज दुधातून एक चमचा, मग धावण्याची वेळ, मग वहीत नोंद. महिन्याभरात आलेख इतका सुरेख उतरला की मी तो फ्रिजवर चिकटवला. एके दिवशी डबा संपला तर भाची मैदानावर जाईना. "आत्या, त्याबिगर माझं पायच उचलत न्हाईत."

भाऊ मेंढरं राखतो, थोडी ज्वारीही करतो. लेकीला बघायला आला तेव्हा मी त्याला मोठ्या ऐटीत फ्रिजसमोर उभं केलं. चहा संपेपर्यंत तो आलेख बघत राहिला.

"ह्यात न खाल्लेलं मेंढरू कुठं हाय?"

"म्हंजे?"

"एका साली पावसाच्या तोंडाला टॉनिकवाला आला. सगळ्या कळपाला पाजलं. मेंढरं अशी भरली, मी गावभर त्याचं गुण गात फिरलो. मग बघतो तर शेजाऱ्याची बी भरलेली, आन् त्यानं थेंब पाजला नव्हता! रानात चारा आलता, दुसरं काय? तवापासनं नवं कायबी आलं की निम्म्यांच्या पाठीवर लाल रंग लावतो आन् तेवढ्यांनाच देतो. पोरगी रोज पळतीया न्हवं? मग येळ कमी हुनारच की."

मला भयंकर राग आला. तो चुकला असता तर इतका आला नसता. एक कुंडी उजेडात, एक अंधारात, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवते, आणि स्वतःच्या घरी एकच कुंडी फ्रिजवर लावून बसले होते.

मग भाचीसोबत धावणाऱ्या सात मुलींना विचारलं. चौघींना पावडर, चौघींना नुसतं सातूचं पीठ, कुणाला काय ते शेवटी कळेल. सगळ्या हसत तयार झाल्या. भावाने मेंढरं धाकट्या लेकाच्या हवाली केली आणि माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. पावडरीचे आणि पिठाचे गूळ घालून वेगवेगळे लाडू वळले, दोन्हींत सुंठ अशी घातली की चवीवरून ओळखायची सोयच नाही. कुणाला कुठला, ते त्यालाच ठाऊक. घड्याळ माझ्या हातात होतं, म्हणून त्याने मलाही सांगितलं नाही.

"आण्णा, मला पावडरीचाच द्या, पाया पडते तुमच्या," भाची रोज वडिलांना विनवायची.

"गप खा," एवढंच उत्तर.

चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं, आपला लाडू पावडरीचाच आहे, पाय कसे हलके झालेत!

तीन आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांच्या वेळा सारख्याच उतरल्या होत्या. आठ मुलींवरून जगाला काही सांगता येत नाही, हे मला कळतं. पण माझ्या आलेखावरून तर एवढंही सांगता येत नव्हतं. सगळ्यात जास्त सुधारली होती भाची.

"बघा! पावडर!" ती ओरडली.

"तुला एकबी दिस दिली न्हाई," भाऊ म्हणाला.

ती मटकन पायरीवर बसली. तिने या वेळी साताऱ्यातून अर्ज भरला होता आणि तिथली मैदानी चाचणी चार दिवसांवर आली होती. खरं शोधायच्या नादात आपण पोरीचा आधारच काढून घेतला, या विचाराने मला सुचेनासं झालं. आणि कबूल करते, मी गुपचूप नवा डबा आणून पिशवीत टाकला.

चाचणीच्या सकाळी, साताऱ्याच्या मैदानाबाहेर, मी तो तिच्यापुढे धरला. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबा वडिलांच्या हातात दिला आणि आत गेली.

आम्ही दोघं कुंपणाला धरून उभे होतो. एवढ्या मुलींत ती आम्हाला नीट दिसलीही नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती धापा टाकत, हसत, धुळीने माखलेली. या वेळी बरेच सेकंद राखून वेळेत आली होती. आम्हाला ते सांगितलं आणि वडिलांसमोर येऊन ती एकदम पाठमोरी वळली.

"आण्णा, नीट बघा! रंग हाय का पाठीवर?"

भावाने डबा खाली ठेवला आणि तिच्या पाठीवरून हळूच हात फिरवला.

"न्हाई गं," तो म्हणाला.