वहिनींचं रिकामं कपाट

फोन आला तेव्हा मी माळ्यावर होते. म्हणजे शिडीच्या वरच्या पायरीवर उभी, डोकं माळ्यात आणि एका हातात कुठल्याशा बरणीचं झाकण. फोन खाली टेबलावर वाजत होता. यजमानांनी तो घेतला, नुसतं "बरं… बरं" म्हणाले आणि येऊन शिडी धरून उभे राहिले. "आधी खाली ये," म्हणाले, "मग सांगतो." शिडीवर चढल्यावर ती धरायला हा माणूस आजवर कधी आला नव्हता, त्यामुळे सांगायची गरजच उरली नाही. प्रयागवहिनी गेल्या होत्या. पाटोद्याजवळच्या आमच्या गावी, माझ्या थोरल्या भावाच्या घरी, पहाटे, झोपेतच. मी खाली उतरले, पुन्हा वर चढले, झाकण होतं तिथे ठेवलं आणि परत उतरले. ते झाकण ज्या बरणीचं होतं ती कधीच फुटली होती. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "वन्सं, बरनी न्हाई तर झाकन कावून जपताय?"

त्याला आता काही आठवडे झालेत. एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दर दोन ओळींनी उठतेय, कपाट उघडतेय, घड्या विस्कटून पुन्हा घालतेय. आवरणं हा माझा स्वभाव नव्हे. मी साठवणारी बाई. लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, दोऱ्या, बिघडलेल्या इस्त्रीची वायर, सगळं लागेल कधीतरी म्हणून ठेवणारी. आणि माझी वहिनी सगळं बाहेर काढणारी. आमचं कसं जमलं कोण जाणे, पण चांगलं जमलं.

आमच्याकडे घर काढतात ते दोनदा, घट बसायच्या आधी आणि पाडव्याच्या आधी. गावातल्या बाकी बायका धुणी-भांडी करून, जळमटं झाडून मोकळ्या व्हायच्या. वहिनी खरोखर घर काढायच्या. उतरंडीतल्या गाडग्यांपासून देव्हाऱ्यामागच्या पाटापर्यंत एकूण एक जिन्नस अंगणात यायचा. बाजांवर, ताडपत्रीवर, तुळशीच्या कट्ट्यावर संसार मांडलेला असायचा आणि मधोमध पदर खोचून त्या उभ्या. त्यांचा एकच नियम होता. घटापासून पाडव्यापर्यंत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती पुन्हा उंबऱ्याच्या आत जाणार नाही. पाडव्यापासून घटापर्यंत तेच. त्यावर अपील नव्हतं. अण्णांचा, म्हणजे माझ्या भावाचा, बंद पडलेला रेडिओ असाच गेला. "अगं, दुरुस्त करायचाय तो," अण्णा म्हणाले. "कवा?" वहिनींनी विचारलं. रेडिओ गेला. पुढच्या वर्षी त्यांची टोप्यांची पेटी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा घर काढायच्या दिवशी पारावर जाऊन बसायला लागले, न जाणो आपल्यालाही बाहेर ठेवायची, असं म्हणत.

काढलेलं जायचं कुठे, हे मात्र मी सासरहून आलेल्या डोळ्यांनी बघायची. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या सुमारास परत येतात. पाच-सहा महिने कुलूप लावलेली घरं उघडली की आत वाळवी, उंदीर, कोपऱ्यात कुजलेली गोधडी. या बायका वहिनींच्या अंगणात यायच्या, भांडी घासू लागायच्या आणि जाताना कुणाच्या डोक्यावर टोपलं, कुणाच्या काखेत चादर. दिलं, घेतलं असा शब्दही निघत नसे. मी एकदा म्हणाले, "वैनी, निदान ती पितळी परात तरी ठेवायची. आईची होती." त्यांनी परात माझ्या हातात दिली. "ठिवा की मग. पन मळायची त्यात कनिक." ती परात माझ्या माळ्यावर आहे. कणीक मी स्टीलच्या परातीत मळते.

बीडला माझ्याकडे त्या वर्षातून एकदा यायच्या, डोळे तपासायला नाहीतर लग्नाच्या खरेदीला. चहा झाला की त्यांचे डोळे माळ्याकडे जायचे. मला धडकीच भरायची. एकदा मी शाळेत शिकवून परत आले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. वहिनींनी माळा उतरवला होता आणि समोर बसून प्रत्येक वस्तूचा निकाल लावत होत्या. मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, माझ्या घरात तुमचा नियम नको. त्या रागावल्या नाहीत. सगळं जसंच्या तसं पुसून वर ठेवून दिलं आणि रात्री जेवताना म्हणाल्या, "तुमचं बी बराबर हाय. पन वन्सं, वापरल्याबिगर जिनसाला जीव राहत न्हाई बगा." पुढे मी या वाक्यावर त्यांची लई थट्टा केली. चमचा हरवला की विचारायचे, "वैनी, ह्याचा जीव गेला का पळून?" त्या हसायच्या, पण म्हणणं काही बदलायच्या नाहीत.

गेल्या भाद्रपदात त्यांचं दुखणं कळलं. पोटातलं होतं आणि उशिरा कळलं होतं. अण्णांना आणि मला त्यांनी बजावलं की मनीला दिवाळी होईपर्यंत काही बोलायचं नाही. मनी म्हणजे त्यांची एकुलती लेक, पुण्यात असते, नवरा-बायको दोघं नोकरी करतात, दोन खोल्यांचं घर. "सणाला हसत येऊ द्या लेकरू," म्हणाल्या. अशा अवस्थेत त्यांनी नवरात्राचं घर काढलंच. या वेळी मी मुद्दाम गेले होते. त्या बाजेवर बसून हात दाखवत होत्या आणि आम्ही उचलत होतो. थकल्या की डोळे मिटायच्या… मग एकदम, "त्यो डबा तिकडं न्हाई, हिकडं." मला वाटलं, नेहमीचंच चाललंय. आजारी माणसाला दम निघत नाही, एवढंच मनात आलं.

फाल्गुनात त्या गेल्या. यंदा घरावर गुढी नव्हती, पण घर काढायला कुणाची मनाई नसते. मनीच म्हणाली, "आत्या, आईचं काम आहे, आपण करू." पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी सकाळीच लागलो. मनीच्या हाताला आईचीच चपळाई आहे. सैपाकघर, देव्हारा, धान्याची खोली, सगळं अंगणात आलं. शेवटी वहिनींचं कपाट राहिलं होतं. ते मनीने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं हे मला कळत होतं. तिला आईचं काहीतरी हवं होतं. एखादी साडी, फार नाही. दार उघडलं तर आत डांबराच्या गोळ्या आणि खाली अंथरलेला कागद. अण्णांनी सांगितलं की शेवटी नेसायच्या त्या दोन-तीन साड्या दहाव्याला नदीवर सोडल्या, रीतीप्रमाणे. बाकीच्या? त्यांना माहीत नव्हतं. मनी पेट्या उघडत सुटली. गोधड्यांच्या घड्यांत, धान्याच्या कणग्यांच्या मागे, दिवाणाच्या खाली. मी तिच्यामागे. मग ती कपाटासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "सगळ्या गावाला दिलं. माझ्यासाठी एक ठेवली नाही गं, आत्या. मी तिची कोण होते?" मला वहिनींचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट असतं… पण आला. एवढ्या लख्ख बाईला पोटच्या पोरीचं समजू नये?

सोजर आली ती अशात. तिचं घर आमच्या मागच्या आळीत. दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते नुकतेच रात्री परतले होते. वहिनी गेल्याचं तिला कळलं नव्हतं. ती दारातूनच "वैनी" अशी हाक मारत आत आली आणि अंगावर वहिनींची जांभळ्या काठाची साडी. मनीनं ती पाहिली आणि उठून उभी राहिली. अण्णांनी सोजरला वहिनी गेल्याचं सांगितलं. सोजर तिथेच खाली बसली, पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "दसऱ्याला दिलती मला. मी म्हनले, वैनी, नवी हाय, तुमी नेसा की. तर म्हनल्या, सोजर, मी मेल्यावर तुला दिली तर तू नेसशील का? मी म्हनले, मेल्या मान्साचं कापड कुनी अंगाला लावत न्हाई. तर म्हनल्या, म्हून तर जितंपनी देतेय." मग ती मनीकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्या तर लई चांगल्या येगळ्या काढल्या होत्या. हिरवी, तुमच्या लग्नातली. दिवाळीला पिशवीत घालून देते म्हनल्या. दिल्या न्हाईत का?"

मनीचा चेहरा मी पाहत होते. मग मला म्हणाली, "दिल्या होत्या." दिवाळी करून निघताना वहिनींनी तिच्या गाडीत पिशवी ठेवली होती. "घे, वापर," एवढंच म्हणाल्या होत्या. मनीला तेव्हा दुखण्याचा पत्ता नव्हता. तिला वाटलं, आईनं नेहमीसारखं घर काढलं आणि पसारा आपल्या गळ्यात घातला. पुण्यात पोचल्यावर आठवडाभर ती पिशवी सोफ्याच्या कडेला पायात येत राहिली. आईचीच लेक ती. रविवारी इमारतीखाली भांडेवाली आली, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. आत जुनेच कपडे असणार असं धरून मनीनं पिशवी न उघडताच तिच्या पुढ्यात ठेवली.

सोजर आपली साडी धरून उठली. "ताई, ही घ्या. धुऊन आनून देते." मनी म्हणाली, "नको. तुम्हाला दिलीय तिनं. तुम्ही नेसा." आणि मग ती रडली, इतके दिवस रडली नव्हती तशी. अण्णा उठले, तिच्याजवळ बसले, मग विचारलं, "काय दिलं गं भांडेवालीनं?"

"पातेलं. स्टीलचं, लहान."

"पिशवीभर साड्यांत एकच पातेलं?" अण्णा म्हणाले. "तुझ्या आईनं वर चाळनी मागून घेतली असती."

मनीला हसू आलं. नाक पुसत, रडत ती हसली आणि सोजरही पदराआड हसली. त्या घरात वहिनींनंतर पहिल्यांदा कुणीतरी हसलं असावं. संध्याकाळी आम्ही सगळं परत आत नेलं. ज्याला हात लागला नव्हता ते बाहेर राहिलं, मीही त्यातलं काही उचललं नाही.

परवा मनीचा फोन आला. ते पातेलं ती रोज दुधाला वापरते. सकाळी घाईत गॅसवर राहून गेलं, दूध आटलं, बूड काळंठिक्कर पडलं आणि मध्ये फुगून वर आलंय. लिंबू लावून झालं, सोडा लावून झाला, डाग हलत नाही. ओट्यावर ठेवलं की डुगडुगतं. नवरा म्हणतो, टाक आणि नवं आण.

"आई असती तर हे केव्हाच बाहेर गेलं असतं ना गं, आत्या?"

"गेलं असतं," मी म्हणाले. "पण ती नाही आता. ठेव तू."