राजपथ, दोन इवाई आणि ढेप

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की देशाच्या राजधानीतला सगळ्यात भव्य रस्ता, ज्याच्यावरून रणगाडे ओळीने जातात आणि हत्ती झुलत जातात, तो नांदुऱ्याकडच्या दोन इवायांना अपुरा पडतो. मी तो त्यांच्यासोबत पायी चाललेलो आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं, आणि माझं लग्नही.

इवाई म्हणजे व्याही. एक माझा बाप, दुसरा माझा सासरा. भांडण सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं. आमच्याकडे वऱ्हाड गाड्यांनी यायचं आणि मान बैलांचाही असायचा. बैल सुटले की मुलीच्या बापानं त्यांच्यापुढे कडब्यासोबत ढेप ठेवायची. माझ्या सासऱ्यानं नुसता कडबा ठेवला. माणसांना बुंदी आणि बैलांना कडबा! बापानं ते तेव्हा गिळलं आणि पहिल्या दिवाळीला सून माहेरी गेल्यावर बाहेर काढलं. सासरा ढेपेची माफी मागेल, तेव्हाच तिला आणायला माणूस जाईल. सासऱ्याचं म्हणणं, माणूस आल्याशिवाय पोरगी निघणार नाही. होळी झाली तरी बायको तिकडेच. मी जेवायला बसलो की आई माझ्याकडे अशी पाही, जशी काही ती ढेप मीच खाल्ली होती.

अशात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची दिल्लीची सहल निघाली. बाप मला घेऊन नांदुऱ्याच्या फलाटावर पोचला, तर समोर वळकटीवर सासरा बसलेला! आता परत फिरणं म्हणजे हार. दोघंही गाडीत चढले आणि थेट दिल्लीपर्यंत दोन बाजूंच्या दोन खिडक्या धरून बसले.

दिल्लीत बाकी मंडळी कुतुबमिनार पाहायला गेली. या दोघांना राजपथच पाहायचा होता, आणि तोही पायी. राष्ट्रपती भवनापासून उतार लागला तशी बापानं रस्त्याची उजवी कड धरली. सासऱ्यानं तत्काळ डावी धरली. मधल्या डांबरावर मी, दोन्ही सरकारांचा निरोप्या.

"तुह्या सासऱ्याले सांग," बाप म्हणाला, "रस्ता असा रुंद असते. त्याच्या मनासारखा नाही."

मी पलीकडे जाऊन सांगितलं. सासरा जांभळाच्या सावलीत धोतराचा सोगा झटकत होता. "जावईबापू, त्याइले सांगा, बोलावल्याच्या दुप्पट गाड्या आणल्या, अन् वरतून ढेप मांगून राह्यले!"

मी उलटा पळालो. एक मोटार मला घासून गेली. तिच्या ड्रायव्हरनं शिवी हासडली. त्या सकाळी कुणी मला थेट उद्देशून बोललं असेल तर तोच.

दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत आणि पाण्याचे लांबलचक हौद. बाप थबकला. "एवढी जमीन, एवढं पाणी, अन् पेरलं काहीच नाही? इथं पऱ्हाटी पाह्यजे होती बे!" पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी पलीकडे गेलो, तर सासरा गवतात उकिडवा बसून माती चोळत होता. "काळी नाही, पण पऱ्हाटी झाली असती," तो म्हणाला. माझा जीव हरखला. म्हटलं, "मामा, आमचे बाबाबी तेच म्हणून राह्यले!"

सासऱ्यानं माती झटकली. "मंग मी ज्वारी म्हणतो."

इंडिया गेट जवळ आलं. तिथल्या छत्रीखाली इंग्रज राजाचा पुतळा अजून उभा होता, पण त्याच्याकडे पाहतो कोण? गवतावर बैल होते! दोन पांढरे धिप्पाड बैल गवत कापायचं यंत्र ओढत होते. रस्ता, मोटारी, मानापमान, काहीही न पाहता दोघं इवाई दोन बाजूंनी तिकडे निघाले. बापानं एकाचे दात पाहिले, सासऱ्यानं दुसऱ्याचं वशिंड चाचपलं.

"क्यों भाई, इनको खिलाते क्या?" बापानं हाकणाऱ्याला विचारलं.

"खली, बाबूजी. रोज."

खली म्हणजे ढेप. बापाचा चेहरा उजळला. तो बैलाच्या कानाशी वाकला. "ऐकलं का बे राजा? नशीबवान हायेस. तुले याइच्या घरच्या लग्नात नाही यावं लागलं!"

सासऱ्यानं दुसऱ्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. "तू तं काम करून खातेस रे! याइचे बैल आले तसे पसरले, अन् जाताना मांडवाचे आंब्याचे डहाळेबी खाऊन गेले!"

"पोरगी ठेव घरी!" बाप आता बैलाला वगळून ओरडला. "जल्मभर ठेव!"

"ठेवतो! खायाले कमी नाही मह्या घरी!"

फुगेवाला थांबला. एक शिपाई काठी हलवत आमच्याकडे निघाला. माझा संसार त्या दोन बैलांच्या मधोमध मोडत होता.

बायको वैशाख लागायच्या आत घरी आली. दोघं इवाई त्यानंतरही एकमेकांशी शेवटपर्यंत धड बोलले नाहीत. ती आली ती माझ्या भाषणामुळे. राजपथावर मोठमोठ्यांची भाषणं झाली असतील. माझं एवढंच झालं, पण बेंबीच्या देठापासून:

"ढेप मी घालतो! दोघाइच्याबी बैलायले जल्मभर घालतो! पण माही बायको धाडा!"